अरबीतून लिहिणाऱ्या विद्वानांची विश्वकोशीय उल्लेखनीयता कशी ठरवावी?

पाणंद (धागाकर्ता)

भिवंडी म्हटलं की यंत्रमाग आणि गोदामं डोळ्यांपुढे येतात. याच भिवंडीतून १९६५ पासून ‘तुहफतुल अश्राफ’ या अरबी ग्रंथाची संपादित आवृत्ती एकेक खंड करत बाहेर पडली. मूळ ग्रंथ दमास्कसच्या अल-मिज्जी यांचा (मृत्यू १३४१). हदीसच्या (पैगंबरांच्या वचनांच्या आणि कृतींच्या कथनांच्या) सहा प्रमुख संग्रहांतलं कुठलं कथन कोणाच्या तोंडून आलं आणि कुठल्या संग्रहात कुठे सापडतं, याची ती सूची आहे. हस्तलिखितांवरून ती सिद्ध केली अब्दुस्समद शरफुद्दीन यांनी आणि प्रसिद्ध केली भिवंडीच्याच अद-दार अल-कय्यिमा या संस्थेने. मजकुराचे तेरा खंड. पुढे बैरुतहून ही आवृत्ती पुन्हा निघाली.

मी मराठी विकिपीडियावर चरित्रलेख लिहितो. अशा माणसावर लेख घेतला की चर्चापानावर पहिला प्रश्न येतो, ‘उल्लेखनीयता काय?’ प्रश्न रास्तच आहे, तो विचारलाच पाहिजे. पण उत्तर शोधायची आपली जी रीत पडली आहे ती मला पटत नाही. रोमन लिपीत नाव टाकायचं, बातम्या चाळायच्या, गूगल स्कॉलरवरचा आकडा बघायचा, आणि हाती काही लागलं नाही की लेख काढून टाकण्यासाठीचा पानकाढा साचा लावायचा.

नियम काय म्हणतो? सर्वसाधारण निकष असा, की त्या व्यक्तीपासून स्वतंत्र असलेल्या, विश्वासार्ह स्रोतांनी तिची सविस्तर दखल घेतलेली हवी. इंग्रजी विकिपीडियावर अभ्यासकांसाठी वेगळे निकषही आहेत. आपल्या विषयावर ठसा, मानाचा पुरस्कार, नामांकित विद्वत्सभेचं निवडून मिळालेलं सदस्यत्व, विद्यापीठाचं सर्वोच्च पद, मोठ्या नियतकालिकाचं मुख्य संपादकपद वगैरे. यांतला एक पुरा झाला तरी चालतो. स्रोत इंग्रजीच हवा असं कुठेही म्हटलेलं नाही. स्रोत आज लेखात दिलेला असलाच पाहिजे अशीही अट नाही, तो अस्तित्वात असला पाहिजे.

निकष सैल करा, असं माझं म्हणणं मुळीच नाही. तोच निकष अरबी विद्याक्षेत्राला लावायचा तर पुरावा त्या क्षेत्रात जिथे असतो तिथेच शोधावा लागेल, एवढंच. विष्णु सीताराम सुखटणकरांचं मोठेपण आपण कशावरून मानतो? भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीवरून. शेकडो पोथ्या ताडून एक पाठ उभा करायचा, आणि प्रत्येक पाठभेद तळटीपेत नोंदवायचा. अरबी विद्येत या कामाला तहकीक म्हणतात आणि विसाव्या शतकातल्या कित्येक थोर अरबी विद्वानांचं मुख्य काम तेच आहे. आपण मात्र ते ‘स्वतःचं लेखन नाही, नुसतं संपादन’ म्हणून बाजूला ठेवतो. याचा मला मनापासून त्रास होतो.

जाणकारांनी लिहावं, विशेषतः अरबी वाचणाऱ्यांनी.

रेघोटी

चांगला विषय. वाचनखूण साठवली.

पण एक अडचण मांडते. कैरो-बैरुतच्या बाजारी प्रकाशनांत मुखपृष्ठावर ‘तहकीक’ म्हणून कोणाचंही नाव असतं. जुनी छापील प्रत घ्यायची, चार तळटीपा घालायच्या, झालं संपादन. मी ग्रंथालयात काम करते, अशी पुस्तकं आमच्याकडेही येतात. अशा प्रत्येकावर लेख होणार असेल तर ते विश्वकोशाचं काम नव्हे. खरं आणि पोकळ वेगळं कसं करायचं?

तिसरा मजला

रेघोटीताई, प्रश्न अगदी मुद्द्याचा आहे. मी मालेगावच्या मदरशात शिकलो, नंतर मुंबईत अरबीत एम.ए. केलं. कुठलीही संपादित प्रत हातात आली की आम्हाला पहिल्यांदा प्रस्तावना वाचायला शिकवलं जायचं. किती हस्तलिखितं वापरली, ती कुठल्या ग्रंथालयात आहेत, कोणत्या वर्षीची, त्यांपैकी मूळ म्हणून कोणती धरली आणि का. हस्तलिखिताच्या पानांची छायाचित्रं असतात. शेवटी सूच्या असतात: व्यक्तींची, स्थळांची, कवितांची. हे काहीच नसेल तर मुखपृष्ठावरच्या नावाला अर्थ नाही.

या शास्त्राचे नियम अरबीतच लिहिलेले आहेत. कैरोच्या अब्दुस्सलाम हारून यांचं त्यावरचं पुस्तक १९५४ सालचं. ते स्वतः सिबवैहीच्या व्याकरणाचे आणि अल-जाहिझच्या ग्रंथांचे संपादक. १९८१ मध्ये त्यांना किंग फैसल पुरस्कार मिळाला तो याच कामाच्या बळावर.

पण प्रस्तावना वाचून आपण ठरवायचं म्हणजे ते आपलं मत झालं. विकिपीडियाला दुसऱ्यांचं मत हवं, आणि तेही मिळतं. दमास्कसच्या अरबी अकादमीचं नियतकालिक १९२१ पासून निघतं. कैरोत अरब लीगने १९४६ मध्ये स्थापलेली हस्तलिखित संस्था आहे, तिचं नियतकालिक १९५५ पासून. नव्या संपादित ग्रंथांची परीक्षणं तिथे येतात, आणि काही फार कठोर असतात: अमुक ओळ चुकीची वाचली, तमुक प्रत पाहिलीच नाही. असं एखादं कठोर परीक्षणसुद्धा उल्लेखनीयतेचा चांगला पुरावा, कारण ते लिहिणाऱ्याने ग्रंथ गांभीर्याने घेतलेला असतो.

ठोकताळा

मी वेगळ्या बाजूने बोलतो. मी रसायनशास्त्रातला आहे. आमच्याकडे स्कोपस, वेब ऑफ सायन्स यांसारखे उद्धरण-निर्देशांक, उद्धरणांचे आकडे, सगळं समोर असतं. आकडे बरोबर की चूक यावर वाद होतो, पण निदान सगळे एकाच गोष्टीकडे बघून वाद घालतात. तुम्ही म्हणता ती परीक्षणं आपल्यापैकी किती जण वाचू शकतील? जिथे पडताळणी करणारे दोन-तीनच सदस्य आहेत तिथे ‘अरबीत स्रोत आहेत’ हे वाक्य ढाल म्हणून वापरलं जाईल.

दुसरं. या विषयावरचे अनेक लेख मी पाहिले आहेत. अल्लामा, शेखुल हदीस अशा पदव्या, हजारो शिष्य, शंभरावर ग्रंथ. ग्रंथांची नावं नाहीत, सालं नाहीत, स्रोत म्हणजे त्यांच्याच संस्थेचं संकेतस्थळ. असे लेख काढलेच पाहिजेत.

पाणंद

ठोकताळा, दुसऱ्या मुद्द्याशी पूर्ण सहमत. शिष्यांनी लिहिलेलं चरित्र, स्वतःच्या संस्थेची स्मरणिका, सत्काराची बातमी, हे स्वतंत्र स्रोत नाहीत. इजाजतींची लांबलचक यादी हाही पुरावा नाही. गुरूने शिष्याला ग्रंथ पुढे शिकवायची दिलेली ती परवानगी. परंपरेत तिला मान आहे, पण ती असंख्य लोकांकडे असते. हे सगळं वगळून काही उरत नसेल तर लेख जाऊ द्या, मी स्वतः पानकाढा साचा लावीन.

आकड्यांबद्दल मात्र थोडं सांगतो. वेब ऑफ सायन्समध्ये अरबीसाठी वेगळा निर्देशांक आला तोच २०२० मध्ये, इजिप्शियन नॉलेज बँकेच्या सहकार्याने. म्हणजे १९५० ते २००० या काळात ज्यांनी काम केलं त्यांच्या उद्धरणांचा हिशोब तिथे मिळण्याची शक्यता फार कमी. शिवाय उद्धरणं बहुतांशी पुस्तकांतून येतात, नियतकालिकांतून नव्हे. संपादकाचं नाव उद्धरणात येतंच असंही नाही. लोक मूळ ग्रंथकाराचं नाव देतात. अल-मिज्जीचं उद्धरण हजारदा होईल, शरफुद्दीन यांचं नाव त्यात दिसणारही नाही. आकडा शून्य आला म्हणून ठसा शून्य, असं इथे म्हणता येत नाही.

तिसरा मजला

याचं एक ठोस उदाहरण देतो. येमेनच्या अब्दुर्रज्जाक अस-सनआनी (मृत्यू ८२७) यांचा ‘मुसन्नफ’ हा हदीसच्या सर्वांत जुन्या मोठ्या संग्रहांपैकी एक. तो छापून आला १९७० पासून, अकरा खंडांत. संपादक हबीबुर्रहमान आझमी, उत्तर प्रदेशातल्या मऊचे. १९९१ मध्ये हाराल्ट मोट्स्की या जर्मन अभ्यासकाने ‘जर्नल ऑफ निअर ईस्टर्न स्टडीज’मध्ये या ग्रंथावर लेख लिहिला आणि पहिल्या हिजरी शतकातली कथनं किती विश्वसनीय मानावीत या वादाला नवं वळण दिलं. हा लेख उभा राहिला तो मऊच्या माणसाने तयार केलेल्या छापील पाठावर. विषयावर ठसा म्हणजे आणखी काय असतं?

ठोकताळा सर, तुमची शंका रास्त आहे, पण यातला मोट्स्कींचा लेख इंग्रजीत आहे. तुम्ही स्वतः उघडून पाहू शकता. सगळंच अरबीत अडकलेलं नसतं.

ठोकताळा

उदाहरण पटलं. पण हबीबुर्रहमान आझमी म्हणून शोधलं तर देवबंदचेच एक दिसतात मला, जे २०२१ मध्ये वारले. तेच का हे?

तिसरा मजला

नाही, ते वेगळे. मऊचे हबीबुर्रहमान १९९२ मध्ये वारले. देवबंदच्या दारुल उलूममध्ये शिकवणारे त्याच नावाचे दुसरे. शिवाय मुहम्मद मुस्तफा आझमी: हेही मऊचे, हेही हदीसचे अभ्यासक, केंब्रिजची पीएच.डी., रियाधला प्राध्यापक, १९८० चा किंग फैसल पुरस्कार, मृत्यू २०१७. आणि झियाउर्रहमान आझमी: आझमगड जिल्ह्यातल्या हिंदू कुटुंबात जन्म, नंतर इस्लाम स्वीकारला, मदिनेच्या विद्यापीठात हदीसचे प्राध्यापक, मृत्यू २०२०. चौघेही आझमी, चौघेही विद्वान. रोमन लिपीत कुणी ए-झेड-एम-आय लिहितं, कुणी मध्ये एक ए घालतं, अरब लोक ‘अल-’ जोडतात.

म्हणून माझी विनंती आहे, नाव अरबी लिपीत लिहून शोधा. जन्ममृत्यूची सालं जुळवा. संपादित ग्रंथाचं नाव सोबत टाकून शोधा, ते सर्वांत खात्रीचं. आणि लेखाच्या पहिल्याच ओळीत अरबी लिपीतलं नाव द्या, म्हणजे पुढच्याला पडताळता येईल.

कुपाटी

स्त्रियांच्या बाबतीत यात आणखी एक पदर आहे. आयेशा अब्दुर्रहमान (१९१३ ते १९९८) या इजिप्तच्या कुराण-अभ्यासक, पण त्या आयुष्यभर ‘बिन्तुश शाती’ या टोपणनावाने लिहीत राहिल्या. खऱ्या नावाने शोधलं तर अर्धं काम दिसतच नाही. १९९४ चा किंग फैसल पुरस्कार त्यांना होता. कुणी त्यांच्यावर मराठीत नीट लेख लिहिणार असेल तर मी मदत करीन.

सुकट

मी शारजाला असतो, मूळचा श्रीवर्धनचा. पुरस्कारांबद्दल थोडं लिहितो, कारण इकडे पुरस्कार उदंड आहेत आणि सगळे एका मापाचे नाहीत.

१९७९ पासून दिला जाणारा रियाधचा किंग फैसल पुरस्कार: इस्लामी अभ्यास किंवा अरबी भाषा-साहित्य या शाखांत तो मिळालेला असेल तर माझ्या मते पुढे चर्चेची गरज नाही. निवड समित्या आंतरराष्ट्रीय असतात आणि विज्ञान-वैद्यकाच्या शाखांतही हा पुरस्कार वजनदार मानला जातो. इजिप्तचा राज्य सन्मान पुरस्कारही तसाच. अबू धाबीचा शेख झायद ग्रंथ पुरस्कार एकेका ग्रंथाला मिळतो, तो जमेस धरावा. बाकी एखाद्या दूतावासाचं मानपत्र, क्लबची ढाल, परिषदेत मिळालेली शाल... हे नको.

‘इस्लामची सेवा’ या शाखेबद्दल मात्र जपून. ती राज्यकर्त्यांना आणि संस्थांनाही मिळते. अबुल हसन अली नदवी यांना १९८० मध्ये ती मिळाली होती, पण त्यांची उल्लेखनीयता तेवढ्यावर नाही. १९५० मध्ये कैरोतून निघालेल्या त्यांच्या अरबी पुस्तकाने अरब जगात एका भारतीयाचं नाव घरोघर नेलं. लेखात वजन त्या पुस्तकाला द्यावं.

रेघोटी

सुकटदादा, आपल्या राष्ट्रपतींच्या सन्मान प्रमाणपत्राचं काय? संस्कृत, अरबी, फारसीच्या विद्वानांना १९५८ पासून देतात.

सुकट

माझ्या मते ते भक्कम आधार देतं, पण एकट्यावर लेख उभा करू नये. दरवर्षी कित्येक जणांना मिळतं, आणि त्यांच्या कामाची सविस्तर दखल त्यात येत नाही. त्या यादीतून नाव मिळालं की पुढचा शोध सुरू करावा. एरवी नावच कळत नाही अशी माणसं त्या यादीत आहेत.

पाणंद

विद्वत्सभांबद्दल मी भर घालतो. दमास्कसची अरबी अकादमी १९१९ ची, कैरोची १९३२ च्या फर्मानाने झालेली, बगदादची १९४७ ची. सदस्यसंख्या मर्यादित, निवड सदस्यांच्या मताने. ‘नामांकित विद्वत्सभेचं निवडून मिळालेलं सदस्यत्व’ हा निकष शब्दशः इथे लागू पडतो, तरी आपल्याकडे तो लावलेला मी क्वचितच पाहिला. राजकोटला जन्मलेले आणि अलीगढला अरबी विभागाचे प्रमुख झालेले अब्दुल अझीझ मैमनी दमास्कस अकादमीचे सदस्य होते. १९३६ मध्ये कैरोतून निघालेलं त्यांचं ‘सिम्तुल लआली’ हे जुन्या अरबी काव्याच्या अभ्यासात आजही मानलं जातं. भारतातल्या एका शिक्षकाला अरबांनी अरबीसाठी निवडलं, आणि आपण ‘उल्लेखनीयता काय?’ विचारतो.

ठोकताळा

बरं, ज्यांच्याकडे ना पद आहे, ना पदवी, त्यांचं काय करायचं? तुमचे निकष अजूनही संस्थांच्या भोवतीच फिरताहेत.

तिसरा मजला

फार चांगला प्रश्न, कारण या क्षेत्रातली दोन सर्वांत मोठी नावं अशीच आहेत.

हदीसचे अभ्यासक नासिरुद्दीन अल्बानी. जन्म १९१४, अल्बेनियात. कुटुंब दमास्कसला आलं. वडिलांकडून घड्याळदुरुस्ती शिकले आणि तोच चरितार्थ. उरलेला वेळ झाहिरिया ग्रंथालयात हस्तलिखितांपुढे. विद्यापीठाची पदवी नाही. १९९९ मध्ये, म्हणजे गेले त्याच वर्षी, किंग फैसल पुरस्कार. त्यांची मतं मानणारे आणि कडाडून खोडणारे असे दोन्हीकडे ग्रंथच्या ग्रंथ लिहिले गेले आहेत. त्यांच्या विरोधात लिहिलेली पुस्तकं हासुद्धा उल्लेखनीयतेचा पुरावाच.

दुसरे कैरोचे महमूद मुहम्मद शाकिर. जाहिली (इस्लामपूर्व) काव्याच्या अस्सलपणाबद्दल विद्यापीठातले त्यांचे शिक्षक ताहा हुसेन यांच्याशी मतभेद झाला आणि विद्यार्थी असतानाच त्यांनी विद्यापीठ सोडलं, परत गेले नाहीत. जानेवारी १९३६ मध्ये ‘अल-मुक्ततफ’ मासिकाने आख्खा अंक त्यांच्या अल-मुतनब्बी या जुन्या कवीवरच्या अभ्यासाला दिला. इब्न सल्लाम आणि जुर्जानी यांच्या ग्रंथांच्या त्यांनी केलेल्या आवृत्त्या प्रमाण धरल्या जातात. पदवी नसलेल्या या माणसाला पुढे कैरो अकादमीने सदस्य करून घेतलं आणि १९८४ चा किंग फैसल पुरस्कारही मिळाला. पदनामं बघत बसलो असतो तर पुरस्काराआधीची पन्नास वर्षं हा माणूस आपल्याला दिसलाच नसता. तेव्हाही पुरावा होता: तो मासिकाचा अंक, आणि त्यावर झालेली चर्चा.

रेघोटी

हे वाचून चरित्रकोशांबद्दल लिहावंसं वाटलं. आपल्याकडे सिद्धेश्वरशास्त्री चित्रावांचे प्राचीन, मध्ययुगीन आणि अर्वाचीन असे तीन चरित्रकोश आहेत. त्यात नोंद असली की मराठी विकिपीडियावर सहसा कोणी हरकत घेत नाही. अरबीत तशी जागा खैरुद्दीन झिरिक्ली यांच्या ‘अल-आलाम’ची. आठ खंड, हयात व्यक्ती घ्यायच्या नाहीत हा नियम, आणि जमेल तिथे त्या व्यक्तीच्या हस्ताक्षराचा नमुनासुद्धा. झिरिक्ली १९७६ मध्ये गेले, पुढच्यांसाठी इतरांनी पुरवण्या काढल्या. भारतासाठी अब्दुल हई हसनी यांचा ‘नुझहतुल खवातिर’ आहे, साडेचार हजारांहून जास्त चरित्रं, हैदराबादच्या दाइरतुल मआरिफने छापलेला. ती संस्था १८८८ ची. आपला मराठवाडा १९४८ पर्यंत त्याच राज्यात होता हे या निमित्ताने आठवावं.

दोन्ही कोश मात्र एका तराजूत घालू नयेत. झिरिक्ली निवडून घेतात. ‘नुझहत’ बराच व्यापक आहे, काही नोंदी तीन-चार ओळींच्याच. तेवढ्या ओळींवर लेख बेतणं मला मान्य नाही.

कुपाटी

अवांतर नाही म्हणून लिहिते: माहीमचे मखदूम अली (मृत्यू १४३१). दर्गा आणि उरूस सगळ्यांना माहीत, पोलिसांची पहिली चादर माहीत. त्यांचं अरबी कुराणभाष्य ‘तबसीरुर रहमान’ कैरोच्या बुलाक छापखान्यात हिजरी १२९५ मध्ये छापलं गेलं, हे किती मुंबईकरांना ठाऊक आहे? त्यांच्यावर लिहिताना विद्वान म्हणूनही स्वतंत्र विभाग हवा.

आणि आसफ अली असगर फैझी. जन्म माथेरानचा, १८९९. कायदेपंडित म्हणून आपण ओळखतो, पण काझी नुअमान यांच्या ‘दआइमुल इस्लाम’ या फातिमी (इस्माइली शिया) कायदाग्रंथाची त्यांची आवृत्ती कैरोतून १९५१ पासून निघाली. त्यांनी ती केली नसती तर त्या कायद्याचा अभ्यास बाहेरच्या जगाला फार अवघड गेला असता.

ठोकताळा

माझा विरोध आता एका मुद्द्यावर उरला आहे, पडताळणीचा. अरबी स्रोत देणाऱ्याने त्या पानाचं छायाचित्र किंवा दुवा आणि दोन ओळींचा मराठी सारांश चर्चापानावर ठेवावा. निदान दुसऱ्या एका अरबी वाचणाऱ्या सदस्याने तो पाहावा. हे मान्य असेल तर ‘फक्त अरबी स्रोत आहेत’ या कारणाने मी कुठल्याही लेखाविरुद्ध कौल देणार नाही.

पाणंद

मान्य. ही अट मी स्वतःच्या लेखांना आजपासून लावतो.

सुरुवात शरफुद्दीन यांच्यापासून करू. तिसरा मजला, तुमच्या पाहण्यात पहिला खंड आहे का? प्रस्तावनेत हस्तलिखितांची माहिती काय दिली आहे ते हवं. आणि बैरुतच्या आवृत्तीवर कुठल्या नियतकालिकात परीक्षण आलं असेल तर तेही.

तिसरा मजला

मुंबईच्या एका ग्रंथालयात भिवंडीची मूळ छपाई आहे. शनिवारी जाऊन प्रस्तावनेची पानं काढतो. परीक्षणासाठी दमास्कसच्या नियतकालिकाचे १९६५ नंतरचे अंक बघावे लागतील, ते तिथे सलग नाहीत. सुकटदादा, शारजाच्या एखाद्या विद्यापीठात मिळतील का?

सुकट

चौकशी करतो. अरबी लिपीत ग्रंथाचं नाव आणि संपादकाचं पूर्ण नाव इथे टाकून ठेवा, म्हणजे तिथल्या ग्रंथपालांना तसंच दाखवता येईल.